'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं नव्हे

(तरुणांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या संगणक जोडणी कार्यशाळेच्या समारोपात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



दोन दिवस तुम्ही कॅबिनेट उघडून, हात काळे करून, बोटांना दोन-चार ओरखडे काढून घेऊन संगणक जोडायला शिकलात. समारोपाला कुणीतरी मोठं बोलायला हवं म्हणून मला उभं केलंय. पण एक गोष्ट आधीच सांगतो. मी यातला तज्ज्ञ नाही. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेचा हिशेब पाहतो. आज जे सांगणार आहे ते मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडून शिकलो. तो आयटीआयला आहे. आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नका असं त्यानेच बजावलंय, म्हणून घेत नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची. अभ्यासिकेत मुलं येतात ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन. पण त्यातल्या चार-पाच जणांना व्हिडिओ एडिटिंग शिकायचं होतं. दोन मुली आर्किटेक्चरच्या प्रवेशाची तयारी करत होत्या, त्यांना त्रिमितीय चित्रांचं ब्लेंडर शिकायचं होतं. घरी कुणाकडेच तेवढा ताकदीचा संगणक नाही. मग आम्ही वर्गणी काढली. कुणी पाच हजार दिले, कुणी शंभर. एका भाजीवाल्या खालांनी नोटा मोजून तीनशे दिले आणि पावती नको म्हणाल्या. मी बळेच दिली. असे करत साठ हजारांच्या आसपास जमले.

तयार संगणक एवढ्यात बसेना. तेव्हा हा मुलगा म्हणाला, "सर, सुटे भाग आणू, मी जोडून देतो. मजुरी नको." त्याने यादी केली. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, ६५० वॉटचा एसएमपीएस. सगळं नवं. फक्त ग्राफिक्स कार्ड सेकंड हँड, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, कारण नवं परवडत नव्हतं. ते त्याने पुण्याला जाऊन, चालू करून बघून आणलं. एका रविवारी घरी बसून त्याने सगळं जोडलं, विंडोज टाकली आणि चालू संगणकाचा व्हिडिओ मला पाठवला. मी तो व्हिडिओ नीट पाहिलासुद्धा नाही. 'माशाल्लाह' लिहून पुढे पाठवून दिला.

सोमवारी संध्याकाळी मी रिक्षाने कॅबिनेट आणलं. मांडीवर उभं धरून. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. अभ्यासिकेच्या दारात उतरताना ते लोखंडी गेटला जरासं आपटलं. खरचटलंही नाही. मी विसरूनही गेलो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर नेऊन वायरी जोडल्या, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आणि बटण दाबलं. दिवे लागले, कार्डाचे पंखे फिरले, पण पडदा काळा. 'नो सिग्नल'. समितीचे चार लोक खुर्च्या ओढून बसलेले. मी केबल काढून मदरबोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला लावली आणि चित्र आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कळत होतं की काहीतरी बिनसलंय. डिव्हाइस मॅनेजर उघडला. 'डिस्प्ले अॅडॉप्टर्स'खाली एकच नाव होतं, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचं. आमच्या कार्डाचं नावही नाही. म्हटलं, ड्रायव्हर नसेल. एनव्हिडियाचा ड्रायव्हर उतरवला, चालवला. तो म्हणाला, सुसंगत ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही.

समितीतले एक चाचा शेजारी बसून वाचत होते. ते म्हणाले, "सुसंगत नाही म्हणजे? कार्ड तर आत आहे, पंखे फिरतायत. म्हणजे आत दुसरंच काहीतरी भरलंय." दुसरे म्हणाले, "सेकंड हँड आणलंय ना? अठरा हजाराचं म्हणून दोन हजाराचं आणलं असेल." आणि मी, वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर 'निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष' लिहून देणारा माणूस, गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच असतं.

रात्री नऊला मी त्याला फोन केला. काय विचारलं ते आठवतं. "तू कार्ड कुठून आणलंस, खरं सांग." कार्ड चालत नाही असं मी म्हटलं नाही. काय झालं असेल असं विचारलं नाही. सरळ 'खरं सांग'. तो दोन क्षण काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, सकाळी येतो. तोपर्यंत काही उघडू नका."

ज्याला आपण घरात बदगुमानी म्हणतो ती फार पटकन पसरते. सकाळपर्यंत ती त्याच्या अम्मीपर्यंत पोहोचली होती.

तो सकाळी आला. हातात स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि एक शंभर पानी वही. आल्यावर एक शब्दही स्वतःच्या बाजूने बोलला नाही. पहिला प्रश्न विचारला, "सर, केबल मदरबोर्डाला लावल्यावर चित्र येतं का?" मी हो म्हणालो. त्याने वहीत लिहिलं. मला विचित्र वाटलं. हा स्वतःवरच्या आरोपावर बोलत नाही, केबलचं विचारतोय!

त्याने मला समजावलं ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकावर ही वेळ कधीतरी येणार आहे. बऱ्याच मदरबोर्डांवर मूळ सेटिंग असं असतं की वेगळं कार्ड सापडलं की प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. आमच्याकडे आतलं ग्राफिक्स चालू होतं. याचा अर्थ कार्ड खराब आहे असा नाही. याचा अर्थ इतकाच की बोर्डाला कार्ड दिसलेलंच नाही. ज्या चित्रावर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, तोच पहिला पुरावा होता.

दुसरा प्रश्न, "बायोसमध्ये दिसतं का?" संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत गेलो. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय हे दाखवणारं पान असतं. आमचा वरचा स्लॉट रिकामा दिसत होता. त्याने वहीत रेघ मारली आणि म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हरचा विषय संपला. विंडोजला दोष देऊन उपयोग नाही."

ही रेघ महत्त्वाची आहे. कार्ड बायोसला दिसतंय पण विंडोजला नीट वापरता येत नाही, तर भानगड ड्रायव्हरची, विंडोजची, फार तर कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' असं नाव येतं किंवा पिवळ्या खुणेसह 'कोड ४३' येतो, ती या बाजूची लक्षणं. पण बायोसलाच दिसत नसेल, तर विंडोज दहा वेळा टाकली तरी फरक पडत नाही. मग बघायचं ते तीन गोष्टींकडे: वीज, बैठक आणि स्लॉट. मी आदल्या रात्री दोन तास ड्रायव्हर टाकत बसलो होतो. ज्या खोलीत वस्तू हरवलीच नव्हती, तिथे शोधत होतो.

आता चाचांचा मुद्दा. पंखे फिरतात म्हणजे कार्ड चालू आहे. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण पंखा फिरायला फक्त वीज लागते. कार्ड आणि प्रोसेसर यांचं बोलणं वेगळ्या वाटेने चालतं. पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट तुम्ही काल पाहिलात. त्यात मध्ये एक खाच असते. खाचेच्या एका बाजूचा छोटा तुकडा, जो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असतो, त्यात मुख्यतः विजेचे आणि जुजबी कामांचे संपर्क. दुसऱ्या बाजूचा लांब तुकडा म्हणजे माहितीच्या सोळा वाटा, ज्यांना लेन म्हणतात. दोन्ही बाजू मिळून १६४ संपर्क. शिवाय आमच्या कार्डाला एसएमपीएसकडून आठ पिनांची वेगळी वीज येते. म्हणजे कार्ड स्लॉटमध्ये अर्धवट बसलं असलं तरी पंखे मजेत फिरू शकतात.

उलटही खरं आहे. हल्लीच्या बऱ्याच कार्डांचे पंखे कार्ड थंड असताना मुद्दाम थांबवलेले असतात. तेव्हा पंखा फिरत नाही म्हणून कार्ड मेलं, असंही म्हणू नका. पंखा कुणाच्याच बाजूचा साक्षीदार नाही.

त्या स्लॉटच्या रचनेत आणखी एक गंमत आहे. 'मी आलोय' हे सांगण्यासाठी खास संपर्क ठेवलेले आहेत. एक सुरुवातीला, दुसरे पुढे, पार शेवटापर्यंत. आणि ते बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड असतात. का? कारण कार्ड पूर्ण आत गेल्यावरच ते टेकावेत. अर्धवट आलेल्याची हजेरी लागू नये, अशी ती योजना.

तर वीज. त्याने प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. मग झाकण उघडलं. आठ पिनांची केबल तपासली. इथे नवशिक्यांची एक चूक होते. प्रोसेसरच्या विजेचा प्लगही आठ पिनांचा असतो, पण तो मधोमध फुटतो, चार आणि चार. कार्डाचा सहा आणि दोन असा फुटतो. दोन्हींची पिनरचना वेगळी आहे, जबरदस्तीने बसवू नका. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतली तारांची जोडणी वेगळी असू शकते, आणि मग खरंच सगळं जळतं. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, आठ पिनांतून आणखी १५०. आमच्या कार्डाची गरज १७० ची. म्हणजे दोन्हीकडून वीज हवीच. ती केबल न लावल्यास काही कार्डं पडद्यावर तशी सूचना देतात, काही नुसती गप्प बसतात. आमची केबल घट्ट होती. वहीत दुसरी रेघ.

मग बैठक. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला आणि कॅबिनेटला डोळा लावून कार्डाकडे आडवं पाहिलं. आमच्या मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी आहेत, त्याचे आजोबा त्यातले. तंबोऱ्याची जवारी लावताना आजोबा असेच घोडीकडे आडवं बघायचे म्हणे. केसाएवढा फरक, पण सूर लागतो की नाही ते तिथे ठरतं. तो म्हणाला, "सर, इकडून बघा." मी पाहिलं. कार्डाची कड स्लॉटला समांतर नव्हती. एक टोक खाली, दुसरं दीड-दोन मिलिमीटर वर. सोनेरी पट्टीची बारीक रेघ दिसत होती. स्लॉटच्या शेवटची क्लिप बंद नव्हती.

मी म्हणालो, "दाब मग!" त्याने दाबलं नाही. आधी मागचे दोन स्क्रू सोडले, क्लिप मागे ओढून कार्ड बाहेर काढलं, संपर्कांवर धूळ आहे का पाहिलं, पुन्हा सरळ बसवून दाबलं. क्लिपचा आवाज आला नाही. बटण दाबलं. अजूनही कार्ड दिसेना.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पुन्हा तेच आलं. बसवून झालं, तरी दिसत नाही, म्हणजे चाचाच बरोबर. किती चिवट असतो बघा हा संशय. एक खिडकी मिळाली की लगेच परत आत येतो.

तो मात्र म्हणाला, "क्लिक झालं नाही ना सर. म्हणजे ते अजून बसलेलंच नाही. काहीतरी अडवतंय." त्याने पुन्हा कार्ड काढलं आणि या वेळी कार्डाकडे नाही, कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याकडे पाहिलं. कार्डाला जी धातूची पट्टी असते, तिच्या खालच्या टोकाला एक जीभ असते. ती मदरबोर्ड आणि मागचा पत्रा यांच्या मधल्या फटीत उतरायला हवी. आमचा पत्रा तिथे किंचित आत दबला होता. जीभ फटीत न उतरता पत्र्याच्या कडेवर अडत होती. त्यामुळे कार्ड शेवटपर्यंत जातच नव्हतं. आणि स्क्रू आवळला की दुसरं टोक आणखी वर उचललं जात होतं.

त्याने पक्कडीत कापड धरून पत्रा हलकेच मागे ओढला. कार्ड सरळ वरून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवलं. टक्. इतका लहान आवाज, पण तो मी विसरणार नाही. केबल कार्डाला लावली, बटण दाबलं, आणि त्याच काळ्या पडद्यावर चित्र आलं.

मग त्याने न सांगता आणखी एक काम केलं. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाचं नाव, १२ जीबी मेमरी, सोळा लेन, सगळं जागच्या जागी. बाजारात बनावट कार्डं असतात हे खोटं नाही. जुन्या, स्वस्त कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून ते नव्या नावाने विकतात. असं कार्ड ओळखलं की हे सॉफ्टवेअर नावापुढे 'फेक' अशी खूण दाखवतं. आमच्याकडे ती नव्हती. मग त्याने वहीचं पहिलं पान उघडलं. त्यावर कार्डाचा सीरियल नंबर, विकत घेतल्याची तारीख, किंमत आणि विकणाऱ्याची सही होती. स्टिकरवरच्या नंबराशी तो जुळला. ती वही आदल्या रात्रीही त्याच्याकडे होती. मी मागितलीच नव्हती.

आता पत्रा कुणी दाबला? रविवारी त्याच्या घरी संगणक चालत होता, त्याचा व्हिडिओ माझ्याच फोनवर होता. सोमवारी चालत नव्हता. मधे झालं काय? रिक्षा, खड्डे आणि लोखंडी गेट. ज्याने चोराचा शोध सुरू केला होता, त्याच्याच हातून पत्रा दबला होता.

मित्रांनो, विज्ञानाच्या शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही.

मी खूप विचार केला, आपण चुकलो कुठे. संगणकाने आम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता 'सापडलं नाही'. त्याने 'का' हे सांगितलं नव्हतं. 'सापडलं नाही' आणि 'नाहीच आहे' यांच्यामधली जागा रिकामी होती, आणि ती आम्ही आमच्या मनातल्या गोष्टीने भरली. मनात काय होतं? तो मुलगा गरीब घरचा आहे. सेकंड हँड वस्तू आहे. पैसे लोकांचे आहेत. म्हणजे याने खाल्ले असतील. एकही स्क्रू न उघडता आम्ही निकाल देऊन टाकला. आपल्यातल्या किती तरुणांना भाडेकरू म्हणून, उमेदवार म्हणून, नुसत्या नावावरून असा निकाल ऐकावा लागतो! तो अनुभव असलेल्या आपणच आपल्यातल्या एका पोरावर तेच केलं. हे मला जास्त लागलं.

आता थोडं कामाचं बोलतो. आमचा दोष बैठकीचा निघाला, तुमचा दुसरा असू शकतो. त्या मुलाने नंतर एक क्रम लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवला. तो असा.

पहिलं, मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे ना आणि मॉनिटरवर तोच इनपुट निवडला आहे ना, ते बघा. हसू नका, याच पायरीवर कित्येक तक्रारी संपतात.

दुसरं, तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते आधी माहीत करून घ्या. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर नसतं. रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा फरक. नसेल, तर मदरबोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणारच नाही, आणि तो बिघाड नव्हे.

तिसरं, बायोस. मघाशी सांगितलेली रेघ इथे मारा. काही बोर्डांवर 'व्हीजीए' लिहिलेला बारीक दिवा असतो, तो पेटून राहिला तर बोर्ड स्वतःच सांगतोय की अडचण कार्डापाशी आहे.

चौथं, वीज. पाचवं, बैठक. क्लिकचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्येच आहे ना ते बघा. खालचे स्लॉट लांबीने सारखे दिसले तरी त्यांना बऱ्याचदा कमी लेन मिळतात, आणि काही बोर्डांवर एखाद्या जागी एसएसडी बसवली की खालचा स्लॉट बंदच होतो. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकू नका.

सहावं, बायोस मूळ स्थितीला आणा. प्लग काढून बोर्डावरचा २०३२ नंबरचा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवला की होतं. कार्ड खूप जुनं असेल, साधारण २०१२ च्या आधीचं, तर ते नव्या बोर्डावर चित्रच देत नाही, कारण त्याला सीएसएम नावाची जुनी पद्धत लागते आणि नव्या बोर्डांवर ती बहुतेक बंद असते. तेव्हा कार्ड मेलेलं नसतं, दोघांची भाषा जुळत नसते.

सातवं, अदलाबदल. हेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावा आणि दुसरं चालू कार्ड या स्लॉटमध्ये लावा. कार्ड तिकडे चाललं तर दोष इकडचा. इथलं दुसरं चाललं तर दोष कार्डाचा. हा प्रयोग केल्याशिवाय 'कार्ड खराब' हे शब्द तोंडातून काढू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. पाच गोष्टी एकदम केल्या आणि चाललं, तर कशाने चाललं ते कधीच कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

जे तुमच्यापैकी इतरांसाठी संगणक जोडणार आहात, त्यांनी स्वतःच्या अब्रूची काळजी घ्यायला शिका. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहा, फोटो काढा. सेकंड हँड वस्तू घेताना ती चालू स्थितीत बघा, विकणाऱ्याची सही घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डं जुन्या बाजारात आली. ती सगळी वाईट असतात असं नाही. पण काहींच्या आतलं सॉफ्टवेअर बदललेलं असतं आणि मग ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही. म्हणून बघून घ्या. संगणक ज्याच्या हवाली कराल, त्याच्यासमोर चालू करून दाखवा. दूर न्यायचा असेल तर जड कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं न्या. तेवढं शक्य नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, म्हणजे मदरबोर्ड खाली सपाट आणि कार्ड त्यावर उभं राहतं. माझ्यासारखं मांडीवर उभं धरून आणू नका.

आणि जे समित्यांमध्ये आहेत, माझ्या वयाचे, त्यांनाही सांगतो. वस्तू ताब्यात घेताना नंबर तपासून घ्या, पोच द्या. हिशेब चोख असला की संशयाला जागा कमी राहते. पण त्यानंतरही काही बिनसलं, तर पहिला फोन 'काय झालं असेल रे?' असा करा. 'खरं सांग' असा नको.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. त्या सकाळी चित्र आल्यावर चाचा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग उठून त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, गलती हमारीच थी." मी तेवढ्यावर थांबू शकत नव्हतो, कारण फोन मी केला होता आणि बोलणं मोहल्ल्यात गेलं होतं. शुक्रवारी ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांना मी अभ्यासिकेत बोलावलं. हिशेबाची वही आणि त्याची वही, दोन्ही टेबलावर ठेवल्या. गेटला कॅबिनेट कुणी आपटलं ते सांगितलं, आणि त्याच्या अम्मींसमोर माफी मागितली. चारचौघांत केलेल्या आरोपाची माफी एकांतात मागून चालत नाही. त्या म्हणाल्या, "सर, तो त्या रात्री जेवला नव्हता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तो संगणक आता रोज चालतो. त्या दोघींपैकी एकीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. दर शनिवारी हा मुलगा अभ्यासिकेत जोडणी शिकवतो आणि आता त्याला त्याचं मानधन मिळतं. फुकटच्या कामाची किंमत लोक करत नाहीत आणि फुकट काम करणाऱ्यावर संशय मात्र लवकर घेतात, हेही आम्ही शिकलो.

उद्या तुमच्यापैकी कुणाच्या पडद्यावर 'सापडलं नाही' असं येईल. घाबरू नका, आणि कुणाचं नावही घेऊ नका. प्लग काढा, टॉर्च लावा, वाकून बघा. क्लिक झालं का, तेवढं आधी विचारा.